अतिमानवी नायकांचे सहचर प्राणी
अमेरिकन चित्रकथा-मासिकांतील अतिमानवी नायकांच्या सोबतीला असणारे, बहुधा त्यांच्याइतकेच सामर्थ्यवान असे कल्पित प्राणी. कुत्रा, मांजर, घोडा, माकड व पक्षी हे त्यांत प्रमुख होत. या प्राण्यांचा खरा बहर १९५५ ते १९७० या पंधरा वर्षांतला असून त्यामागे साहित्यिक कारणांइतकीच व्यावसायिक कारणेही होती.

नायकासोबत इमानी प्राणी असण्याची प्रथा चित्रकथांत त्याआधीच रूढ झाली होती. बेल्जियन चित्रकार एर्झे (१९०७–८३) याने १९२९ मध्ये निर्मिलेल्या टिनटिनच्या पायाशी पहिल्यापासून एक पांढरा कुत्रा आहे. ली फॉक (१९११–९९) याच्या ‘फँटम’जवळ डेव्हिल हा लांडगा व हीरो हा पांढरा घोडा असतो. मुंबईहून मार्च १९६४ मध्ये सुरू झालेल्या व १९९० मध्ये बंद पडलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने हा नायक ‘वेताळ’ या नावाने मराठी वाचकांच्या परिचयाचा केला. त्यामुळे मराठी मुलांच्या एका पिढीला अशा सहचरांची पहिली ओळख झाली ती त्याच्या लांडग्यापासून. तथापि हे प्राणी शूर असले, तरी प्राणीच होते. त्यांना अद्‌भुत शक्ती नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर अतिमानवी नायकांची लोकप्रियता ओसरली. ‘ग्रीन लँटर्न’ मासिकात १९४८ मध्ये आलेल्या स्ट्रीक नावाच्या कुत्र्याने काही अंकांच्या मुखपृष्ठावरून प्रत्यक्ष नायकालाच हटविले, ही गोष्ट त्या काळाची कल्पना देण्यास पुरेशी आहे. १९४९ मध्ये ते मासिकच बंद पडले. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम (१८९५–१९८१) याने चित्रकथा मुलांना गुन्हेगारीकडे वळवितात, असा आरोप करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला; सीनेटच्या उपसमितीनेही चौकशी केली. त्या धास्तीने प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. हिंसा व भय यांना मज्जाव झाल्यावर कुटुंबात खपेल असे निरुपद्रवी कथाबीज हवे होते. योगायोगाने १९५४ च्या शरद ऋतूत ‘लॅसी’ व ‘रिन टिन टिन’ या कुत्र्यांच्या मालिका अमेरिकन दूरचित्रवाणीवर सुरू झाल्या होत्या.

मार्च १९५५ च्या ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’मध्ये क्रिप्टो अवतरला. लेखक ऑटो बाइंडर (१९११–७४) व चित्रकार कर्ट स्वॉन (१९२०–९६) यांच्या या कथेनुसार, सुपरमॅनच्या पित्याने आपल्या मुलाला अवकाशात पाठविण्यापूर्वी यानाची चाचणी म्हणून घरचाच कुत्रा पाठविला होता. यान भरकटले आणि कुत्रा अनेक वर्षांनी पृथ्वीवर पोहोचला. (सोव्हिएट रशियाने लायका या कुत्रीला अवकाशात धाडले, ते यानंतर दोन वर्षांनी.) कथेचा वरवरचा रंग विनोदी आहे : उडणारा, पोलाद चावणारा कुत्रा आवरायचा कसा आणि त्याच्यामुळे आपले गुपित फुटू द्यायचे नाही कसे, या विवंचनेत किशोर नायक सापडतो. परंतु तिचे मर्म निराळे आहे. ज्या मुलाला आपले जन्मघर आठवतही नाही, त्याच्याकडे त्या घरातला एकमेव जिवंत साक्षीदार येतो, आणि तो बोलू शकत नाही. पुढील पुष्कळ कथांत या कल्पनेचा उपयोग झाला नाही, हे खरे. पण क्रिप्टो टिकला तो तिच्याच बळावर.

त्याच वर्षी बिल फिंगर (१९१४–७४) व शेल्डन मोल्डॉफ यांनी बॅटमॅनला एस हा जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा दिला. त्याच्या कपाळावरील चांदणीवरून तो ओळखला जाऊ नये म्हणून त्यालाही मुखवटा चढविण्यात आला. संपादक मॉर्ट वाइसिंगर (१९१५–७८) याच्या कारकीर्दीत सुपरमॅनच्या परिवारात बेप्पो हे माकड (१९५९), स्ट्रीकी हे मांजर (१९६०) व कॉमेट हा घोडा (१९६२) यांची भर पडली आणि १९६२ मध्ये या चौघांचे पथकही स्थापन झाले. कॉमेट हा मूळचा ग्रीक पुराणकथांतील अश्वमानव. धूमकेतू जवळून गेला, की त्याला मनुष्यरूप मिळे आणि सुपरगर्ल त्याच्या प्रेमात पडे. यापुढे ही कल्पना ताणणे अवघड होते. १९६४ मध्ये नव्या संपादकाने बॅटमॅनच्या कथांतून एसला वगळले.

मार्व्हल या प्रतिस्पर्धी संस्थेने प्राण्यांचा वापर बेताने केला. स्टॅन ली (१९२२–२०१८) व जॅक कर्बी (१९१७–९४) यांचा लॉकजॉ (१९६५) हा अवाढव्य कुत्रा इतरांना क्षणात दूरवर नेतो. १९६९ मध्ये आलेल्या फाल्कन या कृष्णवर्णीय नायकाचा रेडविंग हा ससाणा त्याचा डोळा बनतो. येथे प्राणी विनोदासाठी नसून कथानकाचे साधन आहे.

१९८६ मध्ये सुपरमॅनची कथा नव्याने मांडताना तो आपल्या ग्रहावरील एकमेव वाचलेला जीव असावा असे ठरले व क्रिप्टो अनावश्यक झाला. नायकाचे एकाकीपण त्यामुळे ठसठशीत झाले. पण बालवाचकाला ज्याच्यामुळे तो जवळचा वाटे, तेही गेले. ॲलन मूरने त्याच वर्षी लिहिलेल्या जुन्या सुपरमॅनच्या निरोपकथेत क्रिप्टो धन्यासाठी प्राण देतो. ज्याला तीस वर्षे गंमत म्हणून वागविले गेले, त्याच्या वाट्याला त्या कथेतील अत्यंत हृदयस्पर्शी प्रसंगांपैकी एक आला.

प्राण्याला शक्ती देण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला, हा प्रश्न मात्र बराच काळ कोणी विचारला नाही. ग्रँट मॉरिसन व फ्रँक क्वाइटली यांच्या ‘वुई थ्री’ या २००४ मध्ये सुरू झालेल्या तीन अंकी कथेत पाळीव कुत्रा, मांजर व ससा यांना लष्करी प्रयोगशाळेत यंत्रशस्त्रे बनविले जाते आणि ते तिथून पळ काढतात. क्रिप्टोलाही चाचणीसाठीच यानात बसविले होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी क्रिप्टो मासिकांत परतला. २००५ मध्ये त्याच्यावर दूरचित्रवाणी मालिका व २०२२ मध्ये या प्राणिपथकावर ॲनिमेशनपट निघाला. जेम्स गन दिग्दर्शित ‘सुपरमॅन’ (२०२५) या चित्रपटातील क्रिप्टो मुळीच शिस्तबद्ध नाही. धन्याला वाचवितानाही तो त्याला लोळवितो. १९५५ च्या कथेतील द्वाड कुत्र्याशी त्याचे नाते त्यामुळे अधिक जवळचे आहे.