केसगोळा (मांजरांतील)

मांजराने अंग चाटताना गिळलेले केस जठरात साचून, लाळेत व श्लेष्म्यात गुंतून होणारा पुंजका. गिळलेले बहुतेक केस विष्ठेवाटे निघून जातात. उरलेले मांजर अधूनमधून ओकून टाकते. वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी असे होणे स्वाभाविक असून त्याला औषध लागत नाही. मात्र केसगोळे वारंवार पडू लागले, तर कातडीचे किंवा पोटाचे काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

उबळ येते तेव्हा मांजर पुढच्या पायांवर दबून बसते, मान लांब करते, पोट आत ओढले जाते आणि घशातून खरखरीत आवाज येतो. मग ओली, काळपट-पिवळी, बोटाएवढी वळी बाहेर पडते. अन्ननलिकेच्या अरुंद वाटेने दाबून आल्यामुळे ती लांबट झालेली असते. ती काडीने उकलून पाहावी. आत नुसते केस असतील तर काळजी नाही. दोरा, प्लॅस्टिक किंवा रक्त दिसले तर आहे.

याचे मूळ जिभेत आहे. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले केराटिनचे काटे असतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेच्या अलेक्सिस नोएल व डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की या काट्यांची टोके पन्हळीसारखी पोकळ असतात आणि ती लाळ थेट कातडीपर्यंत पोहोचवतात. अंग स्वच्छ करायला यापेक्षा चांगले साधन नाही. पण काट्यांचा रोख घशाकडे असल्याने अडकलेला केस थुंकता येत नाही, तो गिळावाच लागतो. केसही केराटिनचाच, म्हणून तो पचत नाही. त्यात माणसाच्या व कुत्र्याच्या रिकाम्या पोटात उरलेसुरले पुढे ढकलणारी जी जोरकस लाट उठते, ती मांजरात तशी उठत नाही.

जनावरांच्या पोटातील अशा गोळ्यांना एकेकाळी मोठा भाव होता. रानबकऱ्यांच्या पोटातला खडा विषावर उतारा मानला जाई. सतराव्या शतकात गोव्यातील जेझुइटांनी तसे कृत्रिम खडे बनवून विकले आणि युरोपात ते सोन्याच्या जाळीदार डब्यांत जपले गेले.

केसगोळ्याचा त्रास सगळ्या मांजरांना सारखा नसतो. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे गाव. अशा गावातील मांजर आखूड केसांचे, अर्धे घरचे, अर्धे शिवारातले. उंदीर मारून खाणारे आणि दिवसभर फिरणारे म्हणून त्याला केसगोळ्याचा त्रास कमी. शहरी फ्लॅटमधल्या लांब केसांच्या पर्शियन मांजराला तो कितीतरी अधिक होतो. घरातच राहणाऱ्या मांजराचे केस दिव्यांच्या उजेडात बारमाही गळतात. गावातल्या मांजराचा खरा शत्रू पिसवा. खाज सुटली की ते स्वतःला चाटतच राहते आणि पोटात केस जातात. इथे केसगोळ्यावरचा उपाय पिसवांपासून सुरू करावा लागतो. त्यासाठी कुत्र्याचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नये. ते त्याच्या जिवावर बेतते.

प्रतिबंधाचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे फणी. महागड्या ब्रशची गरज नाही. आखूड केसांच्या मांजराला उवांची बारीक फणी आठवड्यातून एक-दोनदा, लांब केसांच्या मांजराला रुंद दातांची फणी रोज फिरवावी. सुरुवात मानेपासून करावी, कारण तिथे ते हात लावू देते, पोट शेवटी. फणीत आलेला प्रत्येक झुबका पोटात जाण्यापासून वाचलेला असतो. फणीच्या दातांत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवावेत. लालसर डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा.

आहारात तंतू वाढवल्याने काही मांजरांना गुण येतो. या बाबतीत ऊसपट्ट्याला जवळचा वाटावा असा प्रयोग ब्राझीलमध्ये झाला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खाद्यात उसाचे तंतू मिसळल्यावर विष्ठेतील केसांचे पुंजके कमी झाले. बीटच्या चोथ्याने फरक पडला नाही. अर्थात उसाचा तो तंतू प्रक्रिया करून बारीक केलेला होता, गुऱ्हाळावरचे चिपाड नव्हे. घरी पशुवैद्याला विचारून चिमूटभर इसबगोल ओलसर खाण्यात कालवून देता येते. सोबत पाणी भरपूर हवे. दूध-भाकरीवर मांजराचे भागत नाही. ते मांसाहारी आहे, आणि पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधाने जुलाब होतात.

तूप-लोणी चाटवण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. पण ते पचून जाते, केसांना वंगण म्हणून फारसे उरत नाही. पातळ पॅराफिन जबरदस्तीने तोंडात ओतणे तर धोक्याचे. ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाचा दाह होऊ शकतो. गवत खाऊन मांजर केस काढते ही समजूत पक्की असली, तरी लांब केसांची मांजरे जास्त गवत खातात असे पाहणीत आढळलेले नाही. गवत खाऊ द्यावे, पण कापूस-सोयाबीनवर फवारणी झालेल्या बांधावरचे नव्हे. कुंडीत उगवलेला गहू उत्तम.

प्रत्येक उबळ केसगोळ्याची नसते. दमा असलेले मांजरही असेच मान ताणून खोकते आणि बाहेर काहीच पडत नाही. वारंवार उबळ येऊनही पोटातून काही न निघणे, दिवसभर अन्न न शिवणे, पोट ताठ होणे, शौचाला न होणे ही आतडे अडल्याची लक्षणे असू शकतात, आणि अशा वेळी शस्त्रक्रियाही लागते. चुडाव्याच्या पंचक्रोशीतील लोकांनी तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवू नये. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मांजराला त्याच दिवशी तिथे किंवा जवळच्या पशुवैद्याकडे न्यावे.