पाल्कच्या सामुद्रधुनीवरील उतारू

दोन देशांमधील प्रवासी बोटसेवा म्हणजे एक बोट व दोन धक्के, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात त्या मार्गावर पारपत्र, जकात, आरोग्यतपासणी, बंदरशुल्क, प्रस्थानकर आणि विमा यांची सहा कार्यालये दोन्ही तीरांवर बसलेली असतात, व त्यांपैकी एकाने जरी मान हलवली नाही तरी बोट सुटत नाही. आनेकलहून होसूरला जाताना राज्याची हद्द केव्हा ओलांडली हे फलक नसता तर कळलेही नसते. भारत आणि श्रीलंका यांच्यामधील पाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे.

१९१४ मध्ये पांबनचा रेल्वेपूल पुरा झाला आणि धनुष्कोडी ते तलैमन्नार आगबोट सुरू झाली. मद्रासला काढलेल्या एकाच तिकिटावर उतारू कोलंबोला पोहोचत असे. अंतर जेमतेम ३५ किलोमीटर, आणि दोन्ही तीरांवर राज्य ब्रिटिशांचेच. त्यामुळे वाटाघाटींचा प्रश्नच नव्हता. चहामळ्यांना मजूर हवे होते, हे या सेवेमागचे खरे अर्थकारण. मजुरांना आधी मंडपमच्या छावणीत ठेवून, तपासणी करून मगच पुढे सोडीत.

स्वातंत्र्यानंतर तेच पाणी परदेशाची सीमा ठरले. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी शास्त्री व सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला. त्यानुसार मळ्यांवरील ५,२५,००० भारतीय वंशाच्या लोकांना भारताने परत घ्यावे, ३,००,००० लोकांना सिलोनने नागरिकत्व द्यावे आणि उरलेल्या दीड लाखांचे पुढे पाहावे, असे ठरले. ज्यांच्याविषयी हे आकडे मांडले गेले, त्यांना कोणी विचारले नव्हते. दोनच महिन्यांत, २२ डिसेंबरच्या रात्री, चक्रीवादळाने धनुष्कोडी पुसून टाकली. पांबनहून निघालेली गाडी उतारूंसह समुद्रात गेली. मग बोट रामेश्वरम् येथून सुटू लागली आणि ज्या मार्गाने आजे-पणजे मळ्यांवर गेले, त्याच मार्गाने नातवंडे ‘परत’ आली. बहुतेकांनी भारत पूर्वी पाहिलाही नव्हता! १९८३ नंतरच्या यादवीत ही सेवा बंद पडली.

युद्ध २००९ मध्ये संपले. २०११ च्या जानेवारीत दोन्ही सरकारांत सामंजस्य करार झाला आणि जूनमध्ये तुतिकोरीन–कोलंबो मार्गावर ‘स्कोशिया प्रिन्स’ हे हजाराहून अधिक उतारूंचे जहाज धावू लागले. नोव्हेंबरमध्ये ते थांबले. रात्रभराचा प्रवास, समोर विमान, आणि एवढे मोठे जहाज भरेल इतके उतारू नाहीत. हा हिशेब अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मांडता आला असता. ब्रिटिश हाँगकाँग आणि चीन यांच्यात १९७८ च्या अखेरीस ग्वांगझूपर्यंत हॉवरक्राफ्ट आणि एप्रिल १९७९ मध्ये, तीस वर्षांच्या खंडानंतर, थेट रेल्वे सुरू झाली. तेथे सार्वभौमत्वाचा मूळ प्रश्न अनिर्णितच होता, पण वाहतूक भरपूर होती. आपल्याकडे नेमके उलटे होते.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी नागपट्टिणम ते कांकेसंतुरै ही सेवा सुरू झाली, तेव्हा हा धडा थोडाबहुत घेतलेला दिसला. नागपट्टिणम म्हणजे पूर्वी तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखाशेजारचे डच ठाणे. तेथून जाफनाचा किनारा ११० किलोमीटर. बोट ‘चेरियापाणी’, १५० उतारूंची. आठवडाभरातच ईशान्य मोसमी पावसामुळे ती थांबली. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘शिवगंगै’ ही खासगी बोट आली. तिकीट आवाक्यात राहावे म्हणून श्रीलंकेने जलमार्गाने जाणाऱ्यांचा प्रस्थानकर कमी केला आणि भारताने एका वर्षासाठी दरमहा अडीच कोटी श्रीलंकन रुपयांहून अधिक भार उचलला. माझ्या मते खरी वाटाघाट हीच. ध्वज दाखविण्याचा समारंभ त्यानंतरचा.

रामेश्वरम्–तलैमन्नार हा जुना, सर्वांत जवळचा मार्ग मात्र अजून कागदावर आहे. डिसेंबर २०२४ च्या संयुक्त निवेदनात, तो लवकर सुरू व्हावा यासाठी दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी काम करावे, असे म्हटले आहे. ‘लवकर’ हा शब्द मसुद्यात केव्हा घालतात, हे ज्यांनी असे मसुदे लिहिले आहेत त्यांना सांगावयास नको.