पाखरांची मिरची

(१) पिंजऱ्यातील पोपटाला हिरवी मिरची घालण्याची रीत आपल्याकडे कैक पिढ्या चालत आली. (आता देशी पोपट पाळणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच.) पोपट ती मिरची निवांत खातो. त्याला ती झोंबत कशी नाही, या प्रश्नापासूनच मिरचीचा इतिहास सुरू करावा लागतो.

(२) मिरचीतील दाहक द्रव्य म्हणजे कॅप्साइसिन. आपल्या चेतातंतूंवर चटक्याची जाणीव करून देणारा एक ग्राहक असतो. कॅप्साइसिन त्यालाच चेतवते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये त्याचे जनुक शोधले आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्या शोधाचा वाटा होता. पक्ष्यांमध्येही हा ग्राहक असतो, परंतु तो कॅप्साइसिनला दाद देत नाही.

(३) झुडपाला याचा लाभ काय? जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नॅभन यांचा २००१ चा अभ्यास याचे उत्तर देतो. तिखट नसलेल्या मिरच्या त्यांनी उंदरांना आणि थ्रॅशर नावाच्या पक्ष्यांना खाऊ घातल्या. उंदरांच्या पोटातून आलेले एकही बी रुजले नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतील बी मात्र उत्तम रुजले. तिखटपणा हा दात असणाऱ्यांसाठी घातलेला पहारा आहे. (पोपट मात्र बी फोडून खातो, तेव्हा तो या व्यवहारातील फुकट्या गिऱ्हाईकच!)

(४) या मिरचीचे रानटी रूप मेक्सिकोत आजही आढळते. तिचे नाव चिल्टेपिन. नाहुआत्ल भाषेत ‘तेक्पिन’ म्हणजे पिसू; फळ तेवढे चिमुकले नसले तरी वाटाण्याहून लहानच. ते फांदीवर ताठ उभे असते, लालभडक होते आणि पिकल्यावर हलक्या झटक्याने देठापासून सुटते. पाखराच्या डोळ्यांत भरावे आणि चोचीत मावावे, अशीच त्याची घडण.

(५) आपला शेतकरी ज्वारीच्या राखणीला गोफण घेऊन माळ्यावर उभा राहिला. मेक्सिकोतील प्राचीन शेतकऱ्यांनी, जाणूनबुजून असो वा नसो, झाडच बदलले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून फळ मोठे झाले, पानांआड खाली लोंबू लागले आणि पिकूनही देठाला घट्ट राहिले. ही सारी लक्षणे पाखरांच्या गैरसोयीची आहेत. इथून पुढे बी पसरवण्याचे काम माणसाकडे आले.

(६) माणसाने ते झपाट्याने केले. कोलंबसाच्या रोजनिशीत १५ जानेवारी १४९३ रोजी ‘अही’ची नोंद आहे, ती काळ्या मिरीहून सरस, असे तो म्हणतो. पोर्तुगीज जहाजांनी ती गोव्यात आणली आणि मराठीने तिचे नाव मिरीवरूनच पाडले. १५४२ मध्ये लिओनहार्ट फुक्स हा जर्मन वनस्पतिज्ञ तिला ‘कालिकतची मिरी’ म्हणतो. अवघ्या ५० वर्षांत तिचे माहेर युरोपच्या विस्मरणात गेले होते!

(७) चिल्टेपिनने मात्र पाखरांची साथ सोडली नाही. थ्रॅशर फळे खाऊन झाडांवर विसावतात, बी विष्ठेतून सावलीत पडते, आणि कडक उन्हाच्या त्या मुलखात रोप सावलीतच तगते. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात पावसाळ्यानंतर कुटुंबेच्या कुटुंबे ही फळे वेचण्यासाठी डोंगरांत जातात. फळ एकेक करून खुडावे लागते. उशीर केला तर पाखरे आधी पोहोचतात.

(८) या घाईतच खरा धोका आहे. बाजारात भाव चांगला मिळतो, म्हणून काही जण फळे न खुडता फांद्याच मोडून नेतात, तर कधी झुडूपच उपटतात. झुडूप बहुवर्षायू असल्याने पाखरांनी फळे फस्त केली तरी ते पुढल्या वर्षी पुन्हा लगडते. उपटलेल्याचे तसे नाही. सीमेपलीकडे, अ‍ॅरिझोनातील कोरोनाडो राष्ट्रीय वनात, १९९९ मध्ये सुमारे २,५०० एकर क्षेत्र केवळ या रानमिरचीसाठी राखून ठेवण्यात आले. तिथे पाखरांना हाकलणारे कोणी नाही.