लांकडी नाव आणि विमानाचें इंजिन

अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर सीमेवर सेंट लॉरेन्स नदीच्या कांठीं क्लेटन नांवाचें लहानसें गांव आहे. पलीकडच्या तीरावर कॅनडा. येथें जुन्या नौकांचें संग्रहालय असून उन्हाळ्यांत त्यांचें प्रदर्शन भरतें. महोगनी लांकडाच्या, रोगण देऊन आरशासारख्या चकचकीत केलेल्या नावा धक्क्याला ओळीनें बांधलेल्या असतात. पण शर्यतीच्या नावेचें खरें मर्म तिच्या लांकडांत शोधूं नये. झांकण उघडून आंतील इंजिन पाहावें. या नौकांचा इतिहास हा मुख्यतः इंजिनांचा इतिहास आहे, आणि त्यांतलीं उत्तमोत्तम इंजिनें पाण्यासाठीं बनविलेलींच नव्हतीं.

आरंभ मात्र साधाच होता. इंग्लंडांतील वृत्तपत्रांचे मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनीं मोटरनौकांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठीं एक पारितोषिक ठेवलें. पहिली शर्यत १९०३ सालीं आयर्लंडमधील क्वीन्सटाउन येथें झाली. जिंकणाऱ्या नावेचा वेग ताशीं २० मैलांच्याहि आंत होता. चांगल्या घोड्यानें तिला सहज मागें टाकलें असतें. पाणी हवेपेक्षां सुमारें ८०० पट जड असल्यामुळें नुसतें बळ वाढवून वेग वाढत नाहीं. त्यावर उपाय निघाला तो असा: नावेचा तळ चपटा करावयाचा आणि त्याला मध्यें एक आडवी पायरी ठेवावयाची. वेग आला म्हणजे अशी नाव पाणी कापीत न जातां वर उचलली जाते आणि तळाच्या थोड्याशा भागावर टेकून घसरत जाते. तलावांत मुलांनीं भिरकावलेली खापरी टप्पे घेत जाते, त्यांतलाच हा प्रकार. पण त्यासाठीं इंजिन हलकें आणि तरीहि बलवान् पाहिजे, आणि तसें इंजिन विमानाच्या कारखान्यांत तयार होत होतें.

१९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली, तेव्हां वॉशिंग्टनच्या एका हॉटेलांत बसून दोन इंजिनिअरांनीं अवघ्या कांहीं दिवसांत 'लिबर्टी' इंजिनाचा आराखडा केला. बारा सिलिंडर, सुमारें ४०० अश्वशक्ति. अशीं वीस हजारांहून अधिक इंजिनें तयार झालीं. परंतु नोव्हेंबर १९१८ मध्यें युद्ध थांबलें आणि त्यांतलीं हजारों इंजिनें गुदामांत पडून राहिलीं. त्यांचें चीज केलें गार वुड यानें. मालमोटारींतील कोळसा उतरविण्यासाठीं द्रवदाबावर चालणारें यंत्र काढून तो श्रीमंत झाला होता, आणि ती श्रीमंती तो मोकळ्या हातानें पाण्यांत घालीत असे. १९२० सालीं वाइट बेटाजवळच्या समुद्रांत त्याच्या 'मिस अमेरिका' नावेनें हार्म्सवर्थ पारितोषिक जिंकलें. तिच्या पोटांत दोन लिबर्टी इंजिनें होतीं. हें वाटतें तितकें सोपें नव्हे. विमान एकदां उंच चढलें म्हणजे इंजिनाला थोडी उसंत मिळते. शर्यतीच्या नावेंत त्याला शेवटपर्यंत पुरा भार ओढावा लागतो.

मग इंग्लंडलाहि विमानाकडेच वळावें लागलें. 'मिस इंग्लंड दुसरी' या नावेंत रोल्स-रॉइसचीं दोन 'आर' इंजिनें बसविलीं. याच जातीच्या इंजिनानें १९२९ सालीं समुद्रविमानांच्या श्नायडर शर्यतींत इंग्लंडला जय मिळवून दिला होता. १३ जून १९३० रोजीं विंडरमिअर सरोवरावर सर हेन्री सीग्रेव्ह यानें ताशीं ९८.७६ मैलांचा उच्चांक केला, आणि तेवढ्यावर न थांबतां तो पुन्हां एक फेरी घेण्यास निघाला. नाव भर वेगांत उलटली. पाण्यांत तरंगणारा ओंडका तळाला लागला असावा, असें मानतात. इंजिनिअर व्हिक्टर हॅलिवेल बुडाला. सीग्रेव्हला कांठावर आणलें, पण त्याच दिवशीं त्याचाहि अंत झाला. विमानाचें बळ आणि बोटभर जाडीच्या फळ्या, यांची सांगड किती नाजूक असते तें त्या दिवशीं दिसलें.

तीच नाव वर काढून दुरुस्त केली आणि १९३१ सालीं केय डॉन ती घेऊन डेट्रॉइटला गेला. पहिली फेरी त्यानें जिंकली. दुसऱ्या फेरीच्या आरंभीं वुड वेळेपूर्वींच रेषा ओलांडून गेला, पाठोपाठ डॉनहि गेला, आणि दोघेहि बाद ठरले. डॉनची नाव तर वळणावर उलटली. तेवढ्यांत वुडचा भाऊ जॉर्ज यानें 'मिस अमेरिका आठवी' शांतपणें शेवटास नेली व पारितोषिक अमेरिकेंतच राहिलें. वुडनें हें मुद्दाम केलें असा बोभाटा झाला, आणि तो अगदींच निराधार होता असें म्हणवत नाहीं. पुढील वर्षीं 'मिस अमेरिका दहावी' हिनें ताशीं १२४ मैलांचा वेग गांठला. एक नाव, चार पॅकार्ड इंजिनें, ४८ सिलिंडर!

अशा नावांपैकीं थोड्याच उरल्या. त्या काळीं मोल इंजिनाला होतें. एका नावेंतून काढून तें दुसरींत घालणें नित्याचेंच होतें. उरल्या त्यांचें काय करावें, हा जतन करणाऱ्यांपुढें खरा पेंच आहे. कोरड्यांत ठेवल्यास फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. धांवविल्यास फळ्या आणि खिळे बदलावे लागतात. आणि बदलतां बदलतां मूळची एकहि फळी उरली नाहीं, तर तिला तीच नाव म्हणावें काय? जुन्या आराखड्यावरून नवी नाव बांधून तीच धांववावी आणि मूळ नावेला हात लावूं नये, हें अधिक शहाणपणाचें दिसतें. इंजिनाचा आवाज मात्र त्यामुळें तिच्यापासून कायमचा तुटतो.

'एल लागार्टो' म्हणजे स्पॅनिश भाषेंत सरडा. या नांवाची नाव १९२२ सालीं बांधलेली. शर्यतीच्या हिशेबानें म्हातारीच. तरी जॉर्ज रीस यानें तिच्यांत बसून १९३३, १९३४ आणि १९३५ असा ओळीनें तीनदां गोल्ड कप जिंकला. पाण्यावर ती टणाटण उड्या घेत जाई, म्हणून लोक तिला लेक जॉर्जचा उड्या मारणारा सरडा म्हणत. तीच नाव पुढें न्यूयॉर्क राज्यांतील अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतराजींतल्या संग्रहालयांत, पाण्याबाहेर, ठेवण्यांत आली.