बी आणि जमीन

माझं आजोळ पारनेरचं आणि आत्या संगमनेरची. त्यामुळे एक गोष्ट लहानपणापासून बघत आलोय: जे बी प्रवरेकाठच्या काळ्या रानात तरारून येतं, तेच पारनेरच्या मुरमाड माळावर मान टाकतं. नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) हे कुणाला शिकवावं लागत नाही. कर्करोगाच्या बाबतीत मात्र ते ठामपणे मांडलं गेलं १८८९ साली.

त्या वर्षी लंडनच्या स्टीफन पॅजेटने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. यकृतात गाठी निघाल्या २४१ जणांच्या, प्लीहेत फक्त १७. रक्त तर दोन्हीकडे जातं, मग एवढा फरक का? पॅजेटचं उत्तर अगदी शेतकऱ्याचं: बी उडतं सगळीकडे, रुजतं मात्र मानवेल त्या जमिनीत. फुप्फुसाच्या कर्करोगालाही यकृताची जमीन चांगली मानवते.

आता खरी गंमत. ही जमीन काविळीच्या विषाणूने आधीच नासवली असेल तर?

हिपॅटायटिस बीचा छडा ब्लुमबर्गने १९६० च्या दशकात लावला (१९७६ चं नोबेल त्यासाठीच). पण त्याही आधी, १९५७ साली, लीबर नावाच्या डॉक्टरने लिहिलं होतं की सिऱ्होसिस झालेल्या यकृतात बाहेरून आलेला कर्करोग क्वचितच सापडतो. पुढे आतड्याच्या कर्करोगातही बऱ्याच अभ्यासांत तसंच दिसलं: जुनाट हिपॅटायटिस असेल तर यकृतात गाठी कमी. कुणी म्हणतं, विषाणूमुळे तिथल्या संरक्षक पेशी कायम जाग्या राहतात. कुणी म्हणतं, कडक झालेल्या यकृतात रक्ताच्या वाटाच बदलतात. फुप्फुसाच्या कर्करोगात मात्र निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

म्हणजे विषाणू बरा म्हणायचा का? छे! परक्या बियाला नकार देणारी ही जमीन स्वतःचंच तण उगवते. यकृताच्या मूळ कर्करोगाचं हिपॅटायटिस बी हे मोठं कारण आहे. शिवाय केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खाली आली की अंगात गप्प पडलेला हा विषाणू उसळतो. १९७० च्या दशकापासून डॉक्टरांना हे माहीत आहे. कर्करोग आटोक्यात येत असताना काविळीने माणूस जाऊ शकतो. उपाय साधा: केमोआधी रक्ताची एक तपासणी, आणि गरज पडली तर रोजची गोळी.

हे गावापर्यंत पोचणार कसं? त्याचा धडा याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्याच, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका बनवलं. मोठ्या दवाखान्याआधी गावातलं ओळखीचं माणूस उपयोगी पडतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

तेव्हा मंडळी, घरात कुणाची केमो ठरली असेल तर ते ओळखीचं माणूस तुम्हीच व्हा. डॉक्टरांना एवढंच विचारा, "हिपॅटायटिस बीची टेस्ट झाली का?"