माउथ ऑर्गन महागडा घ्यावा का? दीडशे वर्षांचा हिशेब

आजच्या भागाचा प्रश्न साधा आहे. चांगल्या कंपनीचा नेहमीचा माउथ ऑर्गन एका किमतीला मिळतो आणि त्याच कंपनीचं प्रीमियम मॉडेल साधारण दीडपट-दुप्पट किमतीला. हे वरचे पैसे नक्की कशाचे? दुकानात विचारलंत तर उत्तर येईल, ‘आवाजाचे’. इतिहासाला विचारलं तर उत्तर जरा वेगळं मिळतं. त्यासाठी आधी जर्मनीतल्या ट्रॉसिंगन नावाच्या छोट्या गावात जावं लागेल.

स्वस्ताई हाच शोध

साल १८५७. मथियास होनर हा पेशाने घड्याळजी. गावात आधीपासून काही लोक माउथ ऑर्गन बनवत होते, त्यांचं बघून यानेही सुरुवात केली. पहिल्या वर्षी तयार झाले सुमारे ६५० नग. पितळी पत्र्यात बारीक खाचा पाडायच्या, त्यावर पातळ पितळी पट्ट्या म्हणजे रीड बसवायच्या, आणि कानाने ऐकत, घासत प्रत्येक रीड सुरात आणायची. सगळं हाताने. आपल्या पेटीतही अशाच रीड असतात. पेटीला भाता हवा देतो, इथे तुमची फुफ्फुसं.

मग यंत्रं आली. जुळवणीचं काम गावातल्या घराघरात जाऊ लागलं, त्यात बायका आणि मुलंही राबायची. १८८७पर्यंत उत्पादन वर्षाला दहा लाखांवर गेलं, आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकेला रवाना व्हायचा. होनर जिंकला तो स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरात असलेलं वाद्य ढिगाने बनवू शकला म्हणून. पियानो घेणं ज्यांना जन्मात शक्य नव्हतं, त्यांच्या खिशात आता एक वाद्य होतं.

१८९६मध्ये होनरचं ‘मरीन बँड’ हे मॉडेल आलं. दहा भोकं, वीस रीड, मधला कंगव्यासारखा सांगाडा पेअरच्या लाकडाचा, आणि सगळं चक्क खिळ्यांनी ठोकलेलं. खिळे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

म आणि ध गायब!

या दहा भोकांच्या वाद्यात एक गंमत आहे. डावीकडच्या पहिल्या तीन भोकांत फुंकून आणि ओढून मिळतात सा, रे, ग, प, नी. म आणि ध नाहीतच! याला रिख्टर ट्यूनिंग म्हणतात. युरोपातल्या लोकगीतांना साथ देताना एकदम दोन-तीन भोकं वाजवली तरी कानाला गोड लागावं, म्हणून ही मांडणी. सलग सप्तक हवं तर मधल्या भोकांकडे जायचं.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी हे वाद्य उलटं वापरलं. फुंकण्यापेक्षा ओढण्यावर भर दिला आणि प लाच सा मानलं. शिवाय जीभ आणि घसा यांची ठेवण बदलून ओढलेला सूर खाली वाकवला. त्याला म्हणतात बेंडिंग. दुसऱ्या भोकातला प वाकवत नेला की गायब असलेला म मिळतो, आणि तिसऱ्यातला नी वाकवला की ध. वाटेत कोमल सूरही सापडतात, आणि ब्लूजचा सगळा जीव त्यातच आहे. हे सूर कारखान्याच्या योजनेत नव्हतेच.

मे १९५२मध्ये शिकागोत लिटल वॉल्टरने ‘ज्यूक’ रेकॉर्ड केलं. हातात माईक आणि माउथ ऑर्गन एकत्र धरून, आवाज अँप्लिफायरमधून काढलेला. बिलबोर्डच्या आर अँड बी यादीत ते आठ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्या काळच्या ब्लूजवाल्यांचं नेहमीचं वाद्य कोणतं? तेच, खिळे ठोकलेलं, सगळीकडे मिळणारं मरीन बँड. म्हणजे उत्तम संगीतासाठी महागडं मॉडेल लागतंच, हा दावा इथेच निकालात निघतो.

मग प्रीमियम आलं कुठून?

वादकांच्या तक्रारींतून. थुंकीने लाकूड फुगायचं, त्याच्या कडा ओठांना बोचायच्या. वाळलं की आकसायचं आणि फटींतून हवा निसटायची. काही जण वाजवण्याआधी वाद्य मुद्दाम पाण्यात बुडवत. आवाज मोकळा व्हायचा, पण वाद्याचं आयुष्य घटायचं. एक रीड गेली तर उघडायचं कसं? खिळे! त्यामुळे सरळ फेकून द्यायचं.

पुढे १९७०-८०च्या दशकांत दर्जा घसरल्याची ओरड वाढली. ‘वॉर’ या बँडमधला ली ऑस्कर याने १९८३मध्ये स्वतःचा ब्रँड काढला. जपानच्या टोम्बो कंपनीकडून बनवून घेतलेला, प्लास्टिक सांगाड्याचा आणि रीडप्लेट बदलता येणारा. दुसरीकडे जो फिलिस्कोसारखे कारागीर मरीन बँड उघडून पुन्हा हाताने बांधू लागले. लाकूड सील करायचं, कडा गोल करायच्या, स्क्रू लावायचे, प्रत्येक रीड नीट बसवायची.

होनरने शेवटी हेच उचललं. २००५मध्ये ‘मरीन बँड डीलक्स’ आलं, स्क्रूने जोडलेलं, लाकडावर लॅकर चढवलेलं. २००९च्या ‘क्रॉसओव्हर’मध्ये सांगाडा बांबूचा झाला. म्हणजे वरचे पैसे मुख्यतः तीन गोष्टींचे: हवा निसटू नये, ओठ सोलू नयेत, आणि बिघडल्यावर दुरुस्त करता यावं. यंत्रांनी जे हातकाम काढून टाकलं होतं, त्यातलं थोडं आपण परत विकत घेतो.

तर हिशेब काय?

एक. काहीशे रुपयांचं खेळण्यातलं वाद्य शिकायला घेऊ नका. बेंडिंग करताना एका भोकातल्या दोन्ही रीड मिळून काम करतात आणि हवा गळत असेल तर ते जमतच नाही. मग ‘माझ्यातच दम नाही’ म्हणून माणूस नाद सोडतो, आणि दोष असतो त्या वाद्याचा. हे नुकसान पैशांपेक्षा मोठं.

दोन. ‘स्पेशल २०’सारखं प्लास्टिक सांगाड्याचं, स्क्रू असलेलं नेहमीचं मॉडेल बहुतेकांना पुरतं. खेळण्यावरून इथे येताना फरक प्रचंड जाणवतो. इथून प्रीमियमकडे जाताना तो बारीक असतो.

तीन. रोज वाजवताय, बेंडिंग बऱ्यापैकी जमतंय आणि वाद्य सूर द्यायला वेळ लावतंय असं वाटतंय? तर प्रीमियम जरूर घ्या. पण पितळी रीड जोराच्या फुंकेने थकते आणि कधीतरी जातेच, मॉडेल कुठलंही असो.

आणि आपल्यासाठी खास. १९५८च्या ‘सोलवा साल’मधल्या ‘है अपना दिल तो आवारा’मध्ये माउथ ऑर्गन वाजवला तो आर. डी. बर्मनने. ‘शोले’मधली जयची धून भानू गुप्तांची. अशी फिल्मी गाणी किंवा मराठी भावगीतं वाजवायची असतील, तर दहा भोकांच्या प्रीमियमवर पैसे घालण्याआधी बटणवाल्या क्रोमॅटिकचा विचार करा. त्यात बाराही सूर न वाकवता मिळतात. आधी प्रकार ठरवा, दर्जाचं नंतर.

वाजवून बघा, आणि जो मित्र आत्ता कार्टमध्ये टाकून विचार करत बसलाय, त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!