तळटीप : 'चढता दाब'

१. चढता दाब : ग्रंथकाराने हा शब्द फुटबॉलमधील ज्या व्यूहास योजला आहे, त्यात चेंडू गमावताच माघारी धावण्याऐवजी बिनीचे तीन गडी प्रतिपक्षाच्या बचावफळीवर तिच्याच हद्दीत तुटून पडतात, मधली फळी जवळच्या पासांची नाकेबंदी करते आणि पिछाडी मध्यरेषेपर्यंत सरकते, आपल्या अर्ध्या मैदानातील खेळाडूस ऑफसाइड धरता येत नसल्याने त्यापुढे सरकण्यात लाभ नाही. आमच्या शेगावकडील वाचकास कबड्डीची साखळी आठवेल. परंतु साखळी तुटली तर गुण जातो, येथे पाठीमागे अर्धा मुलूख मोकळा आणि राखणीस एकटा गोलरक्षक. सहकाऱ्याने पायाने बुद्ध्या परतविलेला चेंडू हाती घेण्याची गोलरक्षकाची मुभा १९९२ साली रद्द झाली, तेव्हापासून या व्यूहास विशेष धार चढली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथे एटीके मोहन बागानविरुद्धच्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, बरोबरी असताना, लांबून आलेला चेंडू परतविण्यास पुढे धावलेल्या गोलरक्षकाला मुंबई सिटीच्या ओगबेचेने गाठले, चेंडू सुटला आणि बिपिन सिंगने तो जाळ्यात धाडून मुंबई सिटीस २-१ असे अजिंक्यपद मिळवून दिले. ग्रंथकार यास शौर्य म्हणतात. आम्हांस तो दमसासाचा प्रश्न वाटतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला असता, भेगाळलेल्या काळ्या मातीवर चेंडू वाकडातिकडा उसळत असताना, हा दाब येथे दहा मिनिटेही टिकणे कठीण. — संपा., शेगाव